आठशे सव्वीसचे नाबरकाका

नाबरकाकांनी पहिल्याच भेटीत मला टोकलं होतं. आम्ही सेंगकांगच्या त्या ब्लॉकमध्ये राहायला आलो तो दिवस. माझ्या हातात कढीपत्त्याची कुंडी, माझा नवरा मंदार खांद्यावर चटई घेऊन घामाघूम झालेला, आणि आमची लहानगी रेवा लिफ्टची सगळी बटणं दाबून मोकळी झालेली. प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं आणि आम्ही नवराबायको एकमेकांवर मराठीत करवादत होतो. कोपऱ्यात छत्री धरून उभे असलेले एक गृहस्थ तेवढ्यात म्हणाले, "पुण्याचे का?"

"हो," मी म्हटलं.

"सिंगापुरात कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"बरीच म्हणजे? साल सांगा ना."

मी साल सांगितलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. "हां, असं बोलावं. सालाशिवाय बोललं की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं." आणि आपल्या मजल्यावर, जो दुर्दैवानं आमचाही होता, ते छत्री टेकत उतरून गेले. हा शेजार किती दिवस सोसावा लागणार, असं तेव्हा माझ्या मनात आलं. साल सांगायचं तर ते २०१२ होतं.

श्रीधर नाबर मूळचे वेंगुर्ल्याचे. उमेदीची वर्षं मुंबईत काढून पन्नाशीला टेकता टेकता सिंगापूरला आले होते. उंची बेताची, केस त्याहून बेताचे, पण भांग मात्र ठाम. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात ते होते. मीही त्याच पार्कात दुसऱ्या इमारतीत कॉम्प्युटरसमोर बसत असे, त्यामुळे सकाळचा एमआरटीचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, प्रवास बहुतेक वेळा बरोबर व्हायचा आणि त्यांचं काम काय आहे ते मला प्रवासातच कळलं. एकच व्यवहार दोन बँका आपापल्या परीनं नोंदवतात. त्या दोन नोंदी जुळतात का ते बघायचं, जुळत नसतील तर कुठे बिनसलं ते शोधायचं. काकांच्या मते निम्मी भांडणं तारखांची असतात. सौदा कधी झाला आणि तो पुरा कधी झाला, ह्या दोन तारखा माणसं एकच समजतात. हे ते अशा दुःखानं सांगायचे की समोर बसलेली चिनी बाई उठून त्यांना बसायला जागा द्यायची.

पण नोकरी ही त्यांची खरी ओळख नव्हतीच. खरी ओळख त्यांच्या बायकोनं, शैलाकाकूंनी, मला पहिल्या चहाला करून दिली. "ह्यांना दोनच सालं ठाऊक आहेत. एक आमच्या लग्नाचं आणि एक आठशे सव्वीस. त्यातलं लग्नाचं चुकतं."

मी विचारलं, "आठशे सव्वीस काय?"

काकू म्हणाल्या, "आता विचारलंस ना, मग चहा संपेपर्यंत हलू नकोस." चहा संपून गार झालेला कपही वाळला तरी काका बोलत होते.

गोष्ट अशी होती. बेलितुंग नावाच्या इंडोनेशियातल्या बेटाजवळ समुद्रात एक बुडालेलं जहाज सापडलं. अरबांकडे चाललेलं, चिनी भांड्यांनी गच्च भरलेलं. मोठमोठ्या रांजणांत एकात एक रचलेले हजारो वाडगे. शेकडो वर्षं पाण्याखाली पडूनही त्यांतले कितीतरी धड राहिले. त्या हजारोंतल्या एकावर, बाहेरच्या अंगाला, भाजण्याआधीच्या ओल्या मातीत कुणीतरी टोकदार काडीनं तारीख कोरून ठेवली होती. राजाच्या कारकीर्दीचं दुसरं वर्ष, सातवा महिना, सोळावा दिवस. आपल्या हिशेबानं इसवी सन ८२६. ही भांडी सिंगापूरनं घेतली, आणि २०११ साली त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा काका काकूंना घेऊन सहज म्हणून गेले होते. काकू दोन तासांनी पाय दुखले म्हणून बाहेर येऊन बसल्या. काका, मनानं म्हणायचं तर, बाहेर आलेच नाहीत.

त्यांना जहाजाचं, सोन्याच्या पेल्याचं, राजांचं फारसं काही वाटत नसे. त्यांना त्या कुंभाराचं वेड लागलं होतं. "विचार कर, अश्विनी," ते गाडीत माझ्या कानाशी म्हणायचे. "दिवसाला ढिगानं वाडगे करणारा माणूस. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नावसुद्धा घातलं नाही त्यानं. फक्त तारीख घातली. तेवढ्यावर आज जगभरचे विद्वान उभे आहेत." कुणी घाईनं म्हणालं की म्हणजे जहाज ८२६ साली बुडालं, तर काकांचा आवाज चढायचा. "वाडग्यावरची तारीख वाडग्याची. जहाजाची नाही. जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की रेवानं ते बोबडं असतानाच पाठ केलं होतं.

ते एक साल मात्र त्यांनी सगळ्या बाजूंनी पोखरलं. त्या साली बगदादमध्ये खलिफा तारे मोजून घेत होता. जावात बोरोबुदुर पुरं होत आलं होतं. वेरूळचं कैलास कोरून होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या आणि आपल्याकडे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचं राज्य होतं. आणि इथे, सिंगापुरात? इथल्या लोकांनी हा प्रश्न विचारला की काका मोठ्या आदबीनं सांगायचे, "सॉरी, नथिंग नोन." लोकांना सगळा इतिहास थोडा थोडा हवा असतो, काकांना एकच वर्ष पण पुरं हवं होतं. मी एकदा म्हटलं, एका वर्षात काय असतं? ते म्हणाले, "तू एक वर्ष नीट जगून बघ, मग सांग."

ह्या वेडाची एक खोड होती आणि ती चारचौघांत लाज आणणारी होती. काका कुठेही गेले की समोरचं भांडं उलटं करून बघायचे. वाडगा असो, बशी असो, मेलामाइनची ताटली असो. कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, फिश सूपवाला म्हातारा काका येताना दिसले की रिकामा वाडगा आधी पुढे करायचा आणि म्हणायचा, "अंकल, यू चेक फर्स्ट. देन आय पुट सूप." संक्रांतीला आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी माझी नवी काचेची वाटी उलटी केली आणि आत तिळाची वडी आहे हे विसरले. काकूंनी टेबलाखालून त्यांना लाथ मारली, ती मला लागली. घरी काकूंच्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर काकांनी चिकटपट्टी लावून तारीख घातलेली असे. "माझ्या पाठीवर तेवढी लावायची राहिली आहे," असं काकू म्हणायच्या. त्या कुंभाराचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, हेही त्या रोज म्हणायच्या.

ह्या माणसाबद्दल मी जरा थट्टेनं लिहिते आहे खरी, पण त्यांच्याबद्दल मला जो अभिमान वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट त्यांच्या चुकीपासून सुरू होते.

सेंगकांगमधल्या आम्हा मराठी कुटुंबांचा एक कट्टा होता. गणपतीला जमायचं, दिवाळीला फराळ, एरवी व्हॉट्सअॅप. त्याचे सूत्रधार साठे. हौशी माणूस, घरचं कार्य असल्यासारखा राबायचा. २०१५च्या गणपतीत साठ्यांनी काकांना म्हटलं, तुमचं ते जहाज एकदा ऐकवा सगळ्यांना. काकांनी महिनाभर तयारी केली. त्यांच्याकडे जहाजाबद्दलचा एक जुना लेख होता. त्यात म्हटलं होतं की जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीनं शिवलेल्या आहेत, आणि लाकूड बहुधा हिंदुस्थानातलं असावं. काकांच्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर काथ्यानं शिवलेल्या होड्या असत. मग काय विचारता.

भाषण चांगलं रंगलं. काका म्हणाले, हे जहाज आपल्या किनाऱ्यावर बांधलेलं असू शकतं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या आणि काकांच्या वाक्यातलं 'असू शकतं' कुठल्या कुठे गळून गेलं. शेवटी शेवटी तर काथ्या आमचा, लाकूड आमचं, शिवण आमची, असं चाललं होतं. लोक उभे राहिले. साठ्यांचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या. परदेशात राहून बघा, असं काही ऐकलं की छाती फुगतेच. कोपऱ्यात काकू तेवढ्या मोदक वाटता वाटता म्हणाल्या, "काल रात्रीपर्यंत ह्यांना खात्री नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून 'आपलं जहाज' सगळ्या फोनांवर फिरू लागलं. नागपूरच्या माझ्या मावशीकडून ते मलाच परत आलं.

त्याच वर्षअखेर ती भांडी नदीकाठच्या संग्रहालयात कायमची मांडली गेली आणि काकांना तिथे स्वयंसेवक गाईड व्हायचं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी शिक्षण घेतलं. शनिवार सकाळ वाचनात, रविवार सकाळ पाठांतरात. त्या वाचनातच त्यांना पुढचा अभ्यास सापडला. लाकडाचे तुकडे पुन्हा बारकाईनं तपासल्यावर बहुतेक फळ्या आफ्रिकेतल्या लाकडाच्या निघाल्या होत्या. जहाज अरबी समुद्रापलीकडे कुठेतरी बांधलेलं. हे काही नवं नव्हतं, काकांच्या भाषणाच्या कितीतरी आधी छापलेलं होतं. त्यांनी जुना लेख धरून ठेवला आणि नवा शोधला नाही, एवढंच.

त्या आठवड्यात काकांनी गाडीत आठशे सव्वीसचं नाव काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नोंद जुळली नाही." त्याच संध्याकाळी ते साठ्यांकडे गेले आणि चूक झाली म्हणून सांगून आले. साठ्यांनी त्यांना पाणी दिलं, सरबत दिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या हो. कोण तपासायला बसलंय?" गोष्ट तिथेच राहिली. लोकांनी जहाज मनाशी धरलं होतं ते धरलंच.

काका परीक्षा पास झाले. रविवारी इंग्रजीतून माहिती सांगू लागले. मंदार आणि मी एकदा न सांगता मागे जाऊन उभे राहिलो. बाहेर वेंधळा वाटणारा हा माणूस काचेच्या पेटीसमोर उभा राहिला की वेगळाच दिसायचा. आवाज खाली, हात मागे, आणि वाडग्यापाशी आल्यावर अर्धा क्षण गप्प. ऑस्ट्रेलियन म्हातारे, फिलिपिनो नर्सेस, सगळे त्या गप्प बसण्याला आपोआप गप्प होत.

संग्रहालयात इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, फ्रेंच, मँडरिन अशा भाषांतूनही माहितीच्या फेऱ्या असत. काकांच्या मनात एकच इच्छा बसली होती. ह्या पेटीसमोर उभं राहून एकदा मराठीत बोलायचं. गाईडांचं काम बघणाऱ्या मिसेस लिम म्हणाल्या होत्या, "अंकल, यू फाइंड मी द पीपल. पीपल कम, कॅन." काका कट्ट्यावर विचारत राहिले आणि लोक 'नक्की काका' म्हणून आपल्या कामाला जात राहिले. रविवारी मुलांची पोहण्याची शिकवणी असते, कोण जाणार नदीकाठी वाडगे बघायला.

२०१७ साली काकांच्या बँकेनं त्यांचा अख्खा विभाग दुसऱ्या देशात हलवायचं ठरवलं. काका एम्प्लॉयमेंट पासवर. पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज कधीच नाकारला गेला होता. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की घर आवरायचं. काकांनी हे मला एमआरटीत उभ्या उभ्या सांगितलं, स्टेशनं सांगावीत तसं, आणि मग म्हणाले, "मराठीतली फेरी तेवढी राहिली." त्यांना नोकरीचं दुःख नव्हतं असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरावर होतं.

ही बातमी कट्ट्यावर गेली आणि अचानक सगळ्यांना वेळ मिळाला. माणसं जाताना आपल्याला त्यांची आठवण होते, त्यात आमचंही काही वेगळं नव्हतं. साठ्यांनी एका रविवारचं सगळं जमवलं. मिसेस लिमनी होकार दिला. काका हरखले. त्यांनी त्या दिवसासाठी झब्बा इस्त्री करून घेतला आणि तो दारामागे टांगून ठेवला. मग साठ्यांनी कट्ट्यावर जाहिरात टाकली. रंगीत शिडांचं चित्र, आणि वर ठळक अक्षरांत, 'चला पाहूया, आपल्या पूर्वजांचं जहाज'.

काका जाहिरात घेऊन आमच्याकडे आले. साठे आमच्याकडेच बसले होते, फेरीला कोण कोण येणार ते मंदारबरोबर बघत.

"साठे, हे काढा," काका म्हणाले.

"काका, आता सगळीकडे गेलंय ते. लोक त्यासाठीच येतायत. लहान मुलं येतायत. त्यांना काय सांगू, की आपलं काही नाही तिथे? मग कशाला येतील?"

"मी तुम्हाला गेल्याच वर्षी सांगितलं होतं."

"मान्य. मग असं करा, फळ्यांचा विषयच काढू नका. खोटं बोलू नका, नुसतं गप्प राहा. वाडगे दाखवा, कुंभार सांगा. तुमची इच्छा पुरी होईल, लोकही खूश."

साठे वाईट नव्हते. त्या क्षणी मला त्यांचंच पटत होतं. काकांनी जाहिरातीचा फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "नोंदी जुळत नाहीत हे ठाऊक असून सही करायची, ह्याला आमच्या ऑफिसात गप्प राहणंच म्हणतात."

साठे उठले. "तुम्ही हे आधी सांगितलंत तर निम्मे लोक येणार नाहीत. मिसेस लिम चार माणसांसाठी फेरी करू देणार नाहीत. आणि जाण्याआधी तुम्हाला संग्रहालयाचा दुसरा रविवार मिळायचा नाही, काका." हे त्यांनी भांडून नाही, कळकळीनं म्हटलं, आणि ते खरं होतं.

काकूंनी काकांना घरी नेलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "काय ता एकदाचा ठरवा आणि जेवा." वेंगुर्ल्याची बोली त्यांच्या तोंडी राग आला की यायची, आणि काळजी वाटली की यायची.

आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर काकांचा संदेश आला. 'उद्या येणाऱ्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी मी गणपतीत जे सांगितलं ते चुकलं होतं. जहाज आपलं नाही. लाकूड आफ्रिकेतलं, माल चीनचा, मालक बहुधा अरब. आपलं असं तिथे मला काही सापडलेलं नाही. तरीही यावं. श्रीधर नाबर.' खाली दिवस, महिना, साल. खाली एकही अंगठा आला नाही. मग एकेकाचे निरोप येऊ लागले. मुलाला ताप आहे. पाहुणे आलेत. एकानं तर सरळ लिहिलं, मग कशाला ऊन खायचं.

सकाळी आम्ही तिघं पोचलो तेव्हा काका पायऱ्यांवर उभे होते. झब्बा कडक. शेजारी काकू, हातात पाण्याच्या बाटल्या, पुष्कळ माणसांना पुरतील इतक्या. दुसरं कुणी नव्हतं. मिसेस लिम बाहेर येऊन घड्याळ बघून गेल्या. काका म्हणाले, "येतील. बस उशिरा असते रविवारी." मला त्यांच्याकडे बघवेना. आपल्या हातानं माणूस आपली इच्छा मोडतो तेव्हा शेजारी उभं राहणाऱ्यानं काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग नदीच्या बाजूनं साठे येताना दिसले. बायको, दोन मुलं, सासूबाई व्हीलचेअरवर, आणि मागे आणखी तीन घरं. साठ्यांचा चेहरा फुगलेलाच होता. ते काकांना म्हणाले, "सगळ्यांना फोन करत बसलो सकाळपासून. तुमच्यासाठी आलोय, तुमच्या जहाजासाठी नाही."

"तेवढं पुरे," काका म्हणाले.

मिसेस लिमनी आमच्याकडे एकवार नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ओके अंकल. इन मराठी. गो."

मी त्या फेरीचं वर्णन करणार नाही, मला ते जमणार नाही. रांजणापाशी काकांनी वाडगे कसे रचले होते ते हातांनी दाखवलं. शिवलेल्या फळ्यांपाशी आले तेव्हा आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. काका आपणहून म्हणाले, "इथे मी चुकलो होतो. टाळ्यांनी चुकलो. लाकूड आफ्रिकेचं आहे." आणि पुढे गेले. पेल्यांच्या पेटीपाशी म्हणाले, पुढे पंचवीसेक वर्षांनी अरब व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून जगातले चार मोठे राजे कोण ते लिहून ठेवलं गेलं, त्यात आपला राष्ट्रकूट राजा एक होता. साठ्यांनी मान वर केली. काका म्हणाले, "हे खरं आहे, साठे, हे घ्या." आणि साठे हसले.

वाडग्यापाशी ते नेहमीसारखे गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडचे त्या काळातले ताम्रपट आहेत, त्यांवर शके आहेत. पण ते राजांचे. साध्या माणसानं आपल्या हातच्या वस्तूवर तारीख घातलेली मला सापडली नाही. आपली भाषा त्या साली लोक बोलत असतील, पण तिचं लिहिलेलं त्या सालचं कुणाला सापडलेलं नाही."

रेवा तेव्हा प्रायमरी थ्रीत, म्हणजे तिसरीत होती. तिनं हात वर केला. "आजोबा, शिप नॉट अवर्स, बोल नॉट अवर्स. देन व्हाय यू सो हॅपी?"

काका तिच्यासमोर वाकले. "अगं, त्या सालाबद्दल आज मी इथे मराठीत बोलतोय. जपानी बोलतात, फ्रेंच बोलतात, आता आपणही बोललो. अकराशे-बाराशे वर्षं उशीर झाला, एवढंच." साठ्यांच्या सासूबाईंनी व्हीलचेअरवरून टाळी वाजवली. त्या एकट्याच वाजवत होत्या, मग आम्ही सगळ्यांनी वाजवली आणि पहारेकरी धावत आला. माझे डोळे वाहत होते आणि मला ते पुसायचेही नव्हते. आपल्या माणसाचा अभिमान म्हणजे काय, ते मला गणपतीतल्या त्या भाषणात कळलं नव्हतं, इथे कळलं.

ह्यानंतर आवराआवर. पुस्तकं खोक्यांत, भांडी वाटून टाकलेली, बरण्या आमच्याकडे आलेल्या, चिकटपट्ट्यांसकट. काकू त्या गडबडीतही आठवड्यातून दोनदा कुठेतरी गायब होत. एक दिवस मला म्हणाल्या, "चल जरा कम्युनिटी क्लबात, एक वस्तू आणायची आहे." तिथे मातीकामाचा वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या बाईंनी फडताळातून एक वाडगा काढून दिला. जाड, एका बाजूला कललेला, हिरवट झिलई अर्धीच बसलेली. बाहेरच्या अंगाला काडीनं कोरलेली देवनागरी अक्षरं होती. 'शैला नाबर, सेंगकांग', आणि खाली तारीख.

मी तारीख बघितली आणि म्हटलं, "काकू, हा फेरीचा रविवार नाही. फेरीची तारीख घालायची होतीत, काकांना केवढी आठवण राहिली असती."

काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मी हा मंगळवारी केला. वाडग्यावरची तारीख वाडग्याची. एवढी वर्षं गाडीत त्यांच्या शेजारी उभी राहून काय ऐकत होतीस?"

निघायच्या दिवशी ब्लॉकखाली टॅक्सी आली. काकू ड्रायव्हरला बॅगा कशा ठेवायच्या ते हिंदीत सांगत होत्या आणि तो चिनी म्हातारा मान डोलावून आपल्याच मनासारख्या ठेवत होता. काकूंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून काकांच्या हातात दिली. "धरा, बॅगेत फुटेल," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा डिकीकडे वळल्या.

काकांनी टॉवेल उलगडला. सवयीनं वाडगा उलटा केला. बुडाशी काही नव्हतं. मग त्यांनी तो कडेनं फिरवला आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव वाचलं. तारीख त्यांनी बोट फिरवून वाचली, दिवस, महिना, साल. संग्रहालयातल्या पेटीसमोर उभे राहायचे तसे ते टॅक्सीच्या उघड्या दारापाशी उभे राहिले, हात तेवढे आज मागे नव्हते. काकूंनी आतून हाक मारली, "बसा आता."

ते बसले. वाडगा मांडीवर घेतला आणि सीटबेल्ट त्याला लागू नये म्हणून हातानं पुढे ओढून धरला. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "अंकल, चांगी, विच टर्मिनल?"

काकांनी वाडगा दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला. "टर्मिनल टू. बट फर्स्ट यू लुक," ते म्हणाले. "माय वाईफ मेड. सी, डेट इज देअर."